नकाशासमोरची बाई

सिग्नल लाल होता म्हणून हे घडलं. हिरवा असता तर तो स्कूटरवाला भुर्रकन निघून गेला असता आणि ती आपली नेहमीप्रमाणे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, रस्ता ओलांडून कामावर पोचली असती. पण सिग्नल लाल होता, ती पांढऱ्या पट्ट्यांवरून चालली होती, आणि पहिल्या रांगेत थांबलेल्या त्या तरुणाने तिच्याकडे पाहून हँडल सोडलं, दोन्ही हात छातीसमोर आडवे धरले, बोटांना बोटं भिडवली, गाल फुगवले आणि हात मधोमध मोडून खाली सोडून दिले. पूल कोसळला. मग तो हसून म्हणाला, "पूलताई ना तुम्ही? एकदा करून दाखवा की." मागच्या गाडीतल्या बाईने काच खाली केली. पलीकडे उभ्या असलेल्या शाळकरी मुली एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. आणि ती, जी वर्गात कायम शेवटच्या बाकावर बसली, लोकांच्या लग्नाच्या फोटोत कायम कुणाच्या तरी खांद्यामागे उभी राहिली, ती भर रस्त्यात थांबली, पिशवी काखोटीला मारली आणि तिने तो पूल पुन्हा एकदा पाडला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सिग्नल हिरवा झाला तरी कुणी हॉर्न दिला नाही. पलीकडच्या फुटपाथवर पोचली तेव्हा तिचे कान गरम झाले होते, छाती धडधडत होती, वाटत होतं की आत्ता कुणी म्हटलं तर आपण धावत शहराला एक फेरी मारून येऊ. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, बुटात शिरलेल्या खड्यासारखं, काहीतरी टोचत होतं. त्या पुलावर माणसं होती. एक अख्खी बस होती. तिनेच तर सांगितलं होतं ते, याच हातांनी.

तिचं काम बातम्या हातांनी सांगण्याचं. निवेदक तोंडाने वाचतो, त्याच वेळी ती ते ऐकू न येणाऱ्यांसाठी हातांच्या भाषेत सांगते. इतकी वर्षं ती पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत असायची. काळे कपडे, हातात काही नाही, नखांना रंग नाही, कारण बघणाऱ्याची नजर हातांवरून हलता कामा नये. रोज भाजी देणाऱ्या बाईलाही माहीत नव्हतं की ही टीव्हीवर असते. मग तो पूल पडला. त्या दिवशी तिने ठरवून काहीच केलं नव्हतं. बातमी कानातून शिरली, हातांतून बाहेर पडली आणि वाटेत चेहऱ्यावरून गेली, एवढंच. हातांच्या भाषेत अर्धी बातमी चेहराच सांगतो. पण कुणीतरी नेमका तेवढाच तुकडा कापला, त्याला ठेका लावला, आणि बघता बघता लोक वाढदिवसाला, मैदानावर, ऑफिसच्या जिन्यात पूल पाडायला लागले. एका गाजलेल्या हिरॉईनने आपल्या नव्या सिनेमाच्या जाहिरातीत पूल पाडला तेव्हा तर कळस झाला. निर्माता, म्हणजे बातम्यांचा सगळा कारभार बघणारा तो उत्साही तरुण, आतापर्यंत तिला जाता-येता नुसती मान हलवायचा. तो त्या दिवशी खुर्ची ओढून समोर बसला. "ताई, तुम्हाला कोपऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे," तो म्हणाला. कोपऱ्यात बसवलेल्याला असं कुणी सांगितलं तर त्याने काय म्हणायचं असतं? ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

चौकट गेली. आता तिला हिरव्या कापडापुढे उभं करायचे आणि तिथून उचलून सरळ बातमीच्या चित्रावर ठेवायचे, गुडघ्यांपर्यंत, निवेदकाहून मोठी. काळे कपडे गेले, मोरपंखी रंगाचा चमकदार कोट आला. केस विंचरणाऱ्या बाईने तिच्या डोक्यावर एक उंच अंबाडा बांधला आणि "हीच आता तुमची ओळख" असं बजावलं. तो अंबाडा आता मुली घालायला लागल्या होत्या म्हणे. हिरव्या कापडापुढे उभं राहणाऱ्याला आपल्या पाठीमागे चित्र कुठलं आहे ते दिसत नाही, मागे नुसतं कापडच असतं. म्हणून समोर एक छोटा टीव्ही ठेवलेला असायचा, त्यात लोकांना दिसणारं पूर्ण चित्र दिसायचं. पण हल्ली त्या टीव्हीवर फक्त ती एकटी दिसत असे, म्हणजे केस विस्कटले, कोटाची कॉलर मुडपली तर कळावं. ही सोय कुणी केली? तिनेच मागून घेतली होती. आरशासमोर कधी दोन मिनिटं न रेंगाळलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःकडे बघत काम करायला मिळत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते फार आवडत होतं. आपली बोटं इतकी लांब आहेत हे तिला या वयात कळलं.

त्या दुपारच्या बातम्यांत पाण्याची बातमी होती. आदल्या रात्री एका कारखान्यातलं रसायन नळाच्या पाण्यात मिसळलं होतं. निवेदक, डोक्याचे सगळे केस पांढरे झालेला जुना माणूस, सावकाश वाचत होता, "नकाशात लाल रंगाने दाखवलेल्या भागातल्या नागरिकांनी पुढची सूचना मिळेपर्यंत नळाचं पाणी पिऊ नये. उकळूनही पिऊ नये." नगरपालिकेने नावांची यादी पाठवलीच नव्हती, नुसता नकाशा पाठवला होता, कारण लाल रेघ वस्त्यांच्या मधून वेडीवाकडी गेली होती, एका गल्लीची एक बाजू आत, दुसरी बाहेर. ती सांगत होती: पाणी, पिऊ नका, उकळून नको, लाल, नकाशा, बघा, बघा. काय सुरेख जमत होतं. "नको" म्हणताना भुवया अशा काही चढल्या की टीव्हीमागे उभी असलेली केसांची बाईसुद्धा नकळत मान हलवायला लागली. बातम्या संपल्या आणि निर्माता दोन्ही अंगठे वर करत आत आला. संध्याकाळच्या बातम्यांना ती हिरॉईन स्वतः येणार होती, तिच्या शेजारी उभी राहून पाण्याची बातमी हातांनी सांगायला शिकणार होती, अगदी थेट, सगळ्यांसमोर. आणि ते जमलं तर पुढच्या महिन्यापासून ताईंचा स्वतःचा कार्यक्रम. नाव, मांडणी, वेळ, सगळं ताईंच्या पसंतीने. "आईला सांगून येते," ती म्हणाली आणि कोट न काढताच निघाली.

आईचं घर शहराच्या सखल बाजूला, जिथे रस्ते उतरत उतरत जातात आणि शेवटी घरांच्या मागच्या भिंतींना येऊन टेकतात. उतारावरून जाताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. आईला ऐकू येत नाही. बाबांनाही येत नव्हतं. बाबा छापखान्यात कंपोझिटर होते, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून वर्तमानपत्राची पानं लावायचे, आणि यंत्रांच्या ज्या खडखडाटाने बाकीच्यांची डोकी उठायची त्याचा त्यांना पत्ताही नसायचा. संध्याकाळी घरी आले की त्यांना टीव्हीवरच्या बातम्या हव्या असत. आपण लावलेलं पान उद्या निघणार, त्याच्या आत आज काय झालं ते कळलं पाहिजे, असा त्यांचा हिशेब. सांगणारी कोण? घरात ऐकणारी एकटी तीच. लहानशी, दात पडलेली मुलगी टीव्हीजवळ उभी राहून राष्ट्राध्यक्षांची भाषणं आणि दुष्काळ आणि सामन्यांचे निकाल हातांनी सांगायची, आणि सांगता सांगता रंगात आली की सरकत सरकत काचेपुढेच यायची. मग बाबा उठायचे. रागवायचे नाहीत. दोन्ही खांद्यांना धरून तिला उचलायचे आणि टीव्हीच्या बाजूला ठेवायचे, एखादी खुर्ची सरकवावी तसं. आणि शिकवायचे: चित्र आलं की हात खाली. माणसाला डोळे दोन असले तरी नजर एकच असते. चित्र बघू की तुला बघू? पुढे हेच तिचं शिक्षण झालं, यावरच तिने नोकरी मिळवली. आता रस्ता उतरताना तिला बाबांचे ते हात खांद्यांवर लख्ख आठवले आणि वाटलं, आज असते तर कुणाला बाजूला ठेवलं असतं त्यांनी, आता तर मीच चित्र झाले. हा विचार तिला इतका आवडला की संध्याकाळी हिरॉईनला सांगायचा असं तिने ठरवून टाकलं.

दारावरचं बटण दाबलं की आत दिवा लागतो आणि विझतो; आईने दार उघडलं. चेहरा जरा ओढलेला वाटला, पण लेकीचा मोरपंखी कोट बघून ती हसली. "दुपारी बघितलंस मला?" दारातूनच तिने हातांनी विचारलं.

"बघितलं. केवढी मोठी दिसत होतीस," आईचे हात म्हणाले. "तो अंबाडा मला नाही आवडला. डोक्यावर भांडं ठेवल्यासारखा वाटतो. बाकी छान." आईचे हात तसे आखडलेले, संधिवाताचे, पण त्यांतून टोमणा सुटायला कधी वेळ लागत नसे. "बस. धावत आलीस ना? पाणी घे."

तिने पेला घेतला. एका हातात पेला, दुसऱ्या हाताने बोलणं, ही तिची लहानपणापासूनची सवय. हिरॉईनचं सांगितलं, कार्यक्रमाचं सांगितलं, स्कूटरवाल्याचं सांगितलं, मधूनच एक घोट घेतला. आई म्हणाली, "माझं पोट मघापासून बिघडलंय. कालचं शिळं खाल्लं म्हणून असेल. चहा घेतला, तोही उलटला." ती म्हणाली, "आराम कर," आणि पुन्हा कार्यक्रमाकडे वळली, तेव्हा खालून रस्त्यावरून भोंग्याची गाडी गेली. नगरपालिकेची. घोगऱ्या आवाजात तेच तेच सांगत, हळूहळू. या वस्तीतल्या सर्व रहिवाशांनी नळाचं पाणी पिऊ नये. उकळूनही पिऊ नये. आई तिच्याकडे बघत बसली होती, पुढचं ऐकायला, म्हणजे बघायला उत्सुक. गाडी खिडकीखालून गेली तरी आईच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. आणि ती, जिने ही बातमी दुपारी साऱ्या शहराला सांगितली होती, ती पेला ओठांजवळ धरून उभी राहिली. पाणी स्वच्छ दिसत होतं. पाण्याला काय, ते दिसतं स्वच्छच.

तिने पेला खाली ठेवला. दोन्ही हात मोकळे केले. "हे पाणी कधी भरलंस?"

"काल भरलेलं संपलं. तुझ्या बातम्या झाल्यावर भरलं."

"आई, मी सांगितलं ना, लाल भागातल्यांनी पिऊ नका म्हणून?"

"सांगितलंस. लाल बघा म्हणालीस. मी अगदी जवळ जाऊन बघितलं. वरच्या बाजूला थोडं लाल होतं, ते आपलं नव्हे. आपलं घर येतं खाली, उजवीकडे." आईने हवेत नकाशा काढला, त्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "तिथे तू होतीस."

आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणि तिला हळूहळू उमगलं. पण चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "मला वाटलं," आईचे हात म्हणाले, "तू तिथे उभी आहेस म्हणजे तिथे काही नसणार. काही असतं तर तू बाजूला झाली असतीस."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे तिने आईला नेलं तेव्हा बाकावर बसायला जागा नव्हती. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, थोडक्यात निभावलं, औषध घ्या, बाटलीचं पाणी प्या, पण जे आज दिवसभर हेच पाणी पीत राहिलेत ते आले तर त्यांचं मी काही सांगू शकत नाही. आईला घरी आणून, पाण्याच्या बाटल्या ठेवून, नळाला दोरी बांधून ती खाली उतरली. वाटेत फोनमध्ये ज्यांचे ज्यांचे नंबर होते त्या ऐकू न येणाऱ्या सगळ्यांना तिने निरोप पाठवले. पण असे किती नंबर असतात माणसाकडे? बाकीचे तिचे कोण लागतात? कुणी नाही. ते फक्त रोज तिच्याकडे बघतात. ऐकणाऱ्यांना भोंगा आहे, शेजारी आहे, जिन्यातली कुजबुज आहे. या लोकांना ती आहे. चढ चढताना तिला धाप लागली आणि कोट अंगाला चिकटायला लागला. पोटात गुडगुडत होतं. ते त्या घोटाचं की भीतीचं, कळायला मार्ग नव्हता.

निर्माता आनंदात होता. इमारतीखाली गर्दी जमली होती, हिरॉईन येऊन रंगरंगोटीला बसली होती. तिने त्याला गाठून सगळं सांगितलं. "नकाशा आला की मला चित्रातून काढा. तेवढाच वेळ."

"ताई, अहो नकाशा तुमच्या मागे किती छान दिसतो."

"मागे आहे म्हणूनच दिसत नाही. माझी आई ते पाणी प्यायली."

तो खरोखर चपापला. "बऱ्या आहेत ना आता? गाडी देऊ का?" माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. मग त्याने आवाज खाली आणला. "पण मी काय म्हणतो ते ऐका. नुसत्या पाण्याची बातमी कोण बघतं? दुपारी किती लोकांनी बघितली, कारण तुम्ही होतात. आज तर ही आहे, अख्खं शहर बसणार आहे टीव्हीपुढे. तुम्हाला काढलं की लोक गेले. मग नकाशा दाखवायचा कुणाला? बरं, मी तो थोडा डावीकडे सरकवायला सांगतो. ठीक?" आणि तो गेला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, तिला ते पटतही होतं, पटावंसं वाटत होतं. अंबाडा पुन्हा बांधला गेला, दुपारपेक्षा उंच. आरशात तिने स्वतःला पाहिलं. पुढच्या महिन्यापासून कार्यक्रम. सगळं तिच्या पसंतीने.

हिरॉईन दिसायला पडद्यावरच्यापेक्षा लहान आणि वागायला साधी निघाली. "मी चुकले तर सांभाळून घ्या हं ताई," ती म्हणाली. दिवे लागले. समोरच्या छोट्या टीव्हीवर आता त्या दोघी होत्या, एक मोरपंखी, एक पांढरीशुभ्र, आणि मागे काहीच नाही. निवेदकाने नमस्कार केला, पाहुणीचं स्वागत केलं, ती गोड हसली, दोघींनी मिळून "पाणी" हा शब्द हातांनी केला, पलीकडे कुणीतरी टाळी वाजवली. तिचं रक्त उसळत होतं. आजवर कधी इतक्या लोकांनी एकदम तिच्याकडे पाहिलं नव्हतं, ते पाहणं अंगावर उन्हासारखं जाणवत होतं, आणि तिला ते हवं होतं, अजून हवं होतं, आई घरी औषध घेऊन बसलेली असतानाही हवं होतं. "नकाशात लाल रंगाने दाखवलेल्या," निवेदक वाचायला लागला. नकाशा सरकवला होता का? छोट्या टीव्हीवर कळत नव्हतं. सरकवला असला तरी आता त्या जागी हिरॉईन असणार. कुणीतरी डावीकडची म्हातारी, कुणीतरी उजवीकडचा म्हातारा, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन आपलं घर शोधत असणार, आणि तिथे या दोघींचे कपडे. तिला खांद्यांवर हात जाणवले. दोन्ही खांद्यांवर, खुर्ची सरकवावी तसे.

तिने सांगितलं: बघा. आणि हात खाली घेतले, हिरॉईनची बाही धरली आणि सरळ जमिनीवर बसली. हिरॉईन ओढली गेली, धपकन शेजारी आदळली. "काय झालं ताई?" तिने कुजबुजत विचारलं. "नकाशा दिसू दे," ती म्हणाली. हिरॉईनने डोळे मोठे केले, क्षणभर विचार केला, आणि मग पांढऱ्याशुभ्र कपड्यांची पर्वा न करता तिच्याही पुढे जाऊन पोटावर पालथी पडली. बिचारीला वाटलं, हीच रीत असेल. निवेदक थांबला होता. कानातल्या यंत्रात निर्माता ओरडत होता, "उठा, ताई, उठा, पडदा रिकामा आहे." मग निवेदकाने घसा खाकरला आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, दुपारपेक्षाही सावकाश, शब्द न् शब्द सुटा करून, जणू त्याला कुठेच जायचं नव्हतं. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हात मांडीवर, गप्प. छाती सकाळच्यासारखीच धडधडत होती, आणि इतकं सगळं होऊनही मनाच्या एका कोपऱ्यातून आवाज आला की उद्या याचाही तुकडा कुणीतरी कापेल, याला ठेका लावेल, लोक रस्त्यात धपकन खाली बसतील. त्या विचाराने गुदगुल्या झाल्या आणि तिला स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदम.

कोटाच्या खिशात फोन थरथरला. इथे फोन आणायची बंदी होती, पण आज तिने आईसाठी ठेवून घेतला होता. तिने तो कोटाआड धरून उघडला. आईने आपल्या टीव्हीचा फोटो काढून पाठवला होता. नकाशा, पूर्ण, मोठा, आणि केवढं ते लाल, वरून खालपर्यंत सांडलेलं, तिला आत्ता पहिल्यांदाच दिसलं. माणूस कुणी नाही. फक्त अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात, आईच्या गल्लीवर एक काळा गोल गोळा होता. खाली आईने लिहिलं होतं:

"अंबाडा दिसतोय. अजून खाली."

ती अजून खाली वाकली.